“तुमची-आमची पत गेली”: तंजावरच्या एका पाद्र्याचं प्रकरण

1781 साली तंजावरच्या किल्ल्यात माणसं भुकेनं मरत होती. म्हैसूरच्या हैदर अलीच्या फौजेनं आजूबाजूचा मुलूख उजाड केला होता. किल्ल्यात राजे तुळजाजी, इंग्रज कंपनीची शिबंदी आणि आसऱ्याला आलेली रयत कोंडली गेली होती. सकाळी रस्त्याकडेला प्रेतं दिसत आणि शिपाई उभ्याउभ्या कोसळत. दुर्दैव असं की मुलखात धान्य शिल्लक होतं, फक्त ते वाहून आणायला बैल मिळत नव्हते. बैलही तसे होते, पण बैलवाले गुरं हाकत लांब निघून गेले होते. याआधी ज्यांनी किल्ल्यात भात आणून घातलं, त्यांचे पैसे मधल्या दुभाष्यांनी गिळले होते. कोणाच्या हुकमाला कोणी भीक घालेना.

तेव्हा राजांनी एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याला सांगितलं की तुमची आणि आमची, दोघांचीही पत गेली आहे. लोक त्या पाद्र्यावर तरी भरवसा ठेवतात का, ते पाहू. त्यांनी पाद्र्याकडे एक कोरा कागद पाठवला: लोकांशी काय करार करायचा तो तुम्हीच करा.

पाद्र्यानं गावोगावी पत्रं धाडली. मोल मी माझ्या हातानं देईन, आणि शत्रूनं एखादा बैल पळवला तर त्याचीही भरपाई देईन. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले. त्याचे ख्रिस्ती सहकारी जीव धोक्यात घालून मुलखात गेले आणि थोड्याच काळात 80,000 कलम (तिथलं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात आलं. संकट सरल्यावर त्यानं प्रत्येकाचा हिशेब चुकता केला, वर थोडी बक्षिशी दिली. पुढच्या वर्षी तीच वेळ पुन्हा आली तेव्हा लोक लगेच गुरं घेऊन हजर झाले.

हा पाद्री म्हणजे क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ. त्याचं प्रकरण इथे मांडतो आहे ते त्याच्या आरतीसाठी नाही. ख्रिस्ती माणसाच्या वागण्यावरून लोक त्याच्या धर्माबद्दल मत बनवतात, असं आपण सहज बोलून जातो. पण हे ‘मत बनणं’ प्रत्यक्षात कसं घडतं, आणि कुठे जाऊन अडतं, हे दाखवणारी इतकी तपशीलवार हकिगत क्वचित सापडते. शिवाय ती भोसल्यांच्या तंजावरातली आहे, तरी महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

माणूस

श्वार्ट्झ 1726 साली प्रशियातल्या सोनेनबुर्ग या गावी जन्मला. जर्मनीतल्या हाले इथे शिकत असताना तमिळ बायबलच्या छपाईला मदत म्हणून तो तमिळ शिकला. 1750 मध्ये तो तरंगंबाडीला, म्हणजे डॅनिश लोकांच्या ट्रांकेबार ठाण्यावर उतरला. तिथे 1706 पासून डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानं प्रॉटेस्टंट मिशन चालू होतं. पुढे तो त्रिचनापल्लीला गेला, लंडनच्या एसपीसीके या ख्रिस्ती धर्मज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संस्थेच्या सेवेत आला, आणि 1778 मध्ये तंजावरात स्थायिक झाला. 1798 मध्ये तिथेच वारला. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं या देशात, आणि एकदाही मायदेशी परतला नाही. लग्न केलं नाही.

तमिळ त्याला येतच होती. दरबारांशी आणि मुसलमान अधिकाऱ्यांशी बोलता यावं म्हणून तो फारसी आणि हिंदुस्तानी शिकला. तंजावरच्या राजघराण्याशी त्यांच्याच भाषेत बोलता यावं म्हणून मराठी शिकला. कंपनीचे बहुतेक अधिकारी दुभाष्यांच्या तोंडानं बोलत आणि त्यांच्याच कानांनी ऐकत. मधल्या माणसानं काय खाल्लं, काय वाढवून सांगितलं, हे त्यांना कळत नसे. कित्येकांना कळून घ्यायचंही नसे. 1781 मध्ये लोकांचे पैसे नेमके याच फटीतून गळाले होते. म्हणून श्वार्ट्झच्या भाषाज्ञानाकडे मी केवळ विद्वत्ता म्हणून पाहत नाही. ‘माझ्या हातानं देईन’ असं म्हणू शकण्याची ती पूर्वअट होती.

त्रिचनापल्लीत त्याला पाहिलेल्या विल्यम चेंबर्स या इंग्रजानं त्याच्या राहणीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. महिना दहा होन, म्हणजे वर्षाला 48 पौंड प्राप्ती. राहायला एका जुन्या इमारतीतली, पलंग आणि माणूस मावेल एवढी खोली. इथल्या पद्धतीनं शिजवलेला भात आणि भाजी, अंगावर काळ्या रंगात रंगवलेलं साधं सुती कापड. पुढे कंपनीनं शिबंदीचा धर्मोपदेशक म्हणून वर्षाला 100 पौंड देऊ केले, तेव्हा त्यातले निम्मे तो मिशनच्या कामाला लावी.

हे आकडे त्या काळाच्या कर्नाटकात, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या मुलखात, ठेवून पाहावे लागतात. अर्काटचा नबाब महंमद अली कर्जात बुडालेला, आणि त्याचे सावकार म्हणजे खुद्द कंपनीचेच नोकर. त्या कर्जाच्या वसुलीसाठी तंजावरवर डोळा. 1773 मध्ये नबाबासाठी कंपनीच्या फौजेनं तंजावर घेतलं आणि तुळजाराजांना कैदेत टाकलं. लंडनच्या हुकमानं 1776 मध्ये त्यांना गादी परत मिळाली. तो हुकूम अमलात आणणारा मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगॉट याला त्याच्याच कौन्सिलनं अटक केली आणि तो अटकेतच मेला. तंजावरच्या माणसाला ‘ख्रिस्ती’ म्हणून जे दिसत होते ते हे लोक.

नाचणारीचं उत्तर

श्वार्ट्झच्या नोंदींत एक लहानसा प्रसंग आहे. वाटेत त्याला एक नृत्यगुरू आणि त्याची शिष्या भेटली. त्यानं त्यांना बजावलं की अपवित्र माणसाला स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही. ती मुलगी म्हणाली, तसं असेल तर युरोपियनांपैकी क्वचितच कोणी तिथे पोचेल. आणि ती चालू लागली.

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. तिनं उपदेश नाकारला नाही, धर्मतत्त्वावर वादही घातला नाही. त्यानं दिलेली मोजपट्टी उचलली आणि त्याच्याच जातभाईंना लावली. तिला बायबल वाचायची गरज नव्हती; छावण्या तिनं पाहिल्या होत्या. श्वार्ट्झनं हे उत्तर लपवलं नाही, लिहून ठेवलं, याचंही श्रेय त्याला द्यायला हवं.

त्या छावण्यांतलं आयुष्य कसं होतं, याची एक कहाणी तर मराठी घरातली आहे. तंजावरच्या दरबाराच्या सावलीत वाढलेली कोकिळा नावाची मराठी ब्राह्मण विधवा. एका इंग्रज अधिकाऱ्यानं तिला सतीच्या चितेपासून वाचवलं असं परंपरा सांगते. ती त्याच्यासोबत राहू लागली, त्याच्याकडून ख्रिस्ती धर्माबद्दल शिकली आणि श्वार्ट्झकडे बाप्तिस्मा मागायला आली. तो नाही म्हणाला. लग्नाशिवाय चाललेला संसार त्याला मान्य नव्हता, आणि बरोबरचा पुरुष इंग्रज अधिकारी आहे म्हणून सूट द्यायला तो तयार नव्हता. अधिकारी वारल्यावर तिनं पाळयंकोट्टईत पुन्हा विनंती केली, तेव्हा 1778 मध्ये तिला बाप्तिस्मा मिळाला आणि तिचं नाव क्लॅरिंडा झालं. तिच्या पुढाकारानं 1785 मध्ये तिथे उभं राहिलेलं चर्च लोकांच्या तोंडी ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मणबाईचं देऊळ, असं राहिलं. इथे मला श्वार्ट्झ थोडा कठोरही वाटतो. नियम दोघांसाठी होता, पण दार बंद झालं ते तिच्यासाठी. अधिकारी जन्मानंच आत होता.

हैदरच्या दरबारात

1779 मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस रंबोल्ड यानं श्वार्ट्झला गुपचूप श्रीरंगपट्टणला पाठवलं. हैदर अलीचा अंदाज घ्यायचा आणि कंपनीला शांतता हवी आहे असं त्याला सांगायचं. चरित्रकार सांगतात की हैदरनंच कळवलं होतं: तुमच्या वकिलांवर माझा विश्वास नाही, तो ख्रिस्ती पाद्री पाठवा, तो मला फसवणार नाही.

हैदरच्या तोंडचे शब्द नेमके असेच असतील का, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यातली विभागणी पाहण्यासारखी आहे. कंपनीचे वकीलही ख्रिस्तीच होते. हैदरनं मात्र ‘ख्रिस्ती’ हे विशेषण एकट्या पाद्र्यासाठी राखून ठेवलं, बाकीचे नुसते फिरंगी. त्रिचनापल्लीतही नबाबाच्या घरातल्या एका माणसानं असंच काहीसं म्हटल्याची नोंद आहे: हा येईपर्यंत आम्हाला वाटे, युरोपियनांना प्रार्थना म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

श्वार्ट्झनं हैदरच्या राज्याबद्दल जे लिहिलं ते उमदं आहे. कामाचा उरक, कडक शिस्त, आणि ज्याला जो धर्म हवा तो त्यानं पाळावा अशी राजाची वृत्ती. निघताना हैदरनं वाटखर्चाला 300 रुपये दिले. श्वार्ट्झनं ते मद्रास कौन्सिलपुढे ठेवले. कौन्सिलनं परत केले, तेव्हा ते त्यानं तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवून दिले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र चरित्रांत सहसा घाईनं उरकतात. पाद्री शांततेचा निरोप घेऊन गेला त्याच वर्षी कंपनीनं हैदरच्या संरक्षणाखालचं माहे हे फ्रेंचांचं बंदर घेतलं होतं, आणि त्याच्या मुलखातून परवानगीशिवाय फौज न्यायचा प्रयत्न केला होता. हैदरनं श्वार्ट्झबरोबर तक्रारींचं पत्र दिलं. मद्रासमध्ये त्याचं काहीही झालं नाही. जुलै 1780 मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि मुलूख जळाला. एका सच्च्या माणसाच्या हाती एका लबाड संस्थेनं आपला निरोप दिला होता. त्याची पत तिनं उसनी घेतली आणि फेडली नाही.

हैदरनं त्याचा राग पाद्र्यावर काढला नाही, हे विशेष. हा साधुपुरुष आहे, याला कुठेही अडवू नका, असा हुकूम त्यानं आपल्या सरदारांना दिला होता असं सांगतात. हैदरनं दोन खाती वेगळी ठेवली. पण वेगळी ठेवली म्हणजेच पाद्र्याच्या चांगुलपणानं कंपनीची बाजू तसूभरही उजळली नाही.

कौल

युद्धानंतर तंजावरात वसुलीचा जाच इतका झाला की 65,000 माणसं परागंदा झाली. शेतं ओस पडली. पुन्हा श्वार्ट्झलाच सांगण्यात आलं, लोकांना परत बोलवा. आपल्याकडे रयत उठून गेली की तिला कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊन वसवायची जुनी रीत. पण कौल देणाऱ्यावर आधी विश्वास लागतो. श्वार्ट्झच्या शब्दावर एका दिवसात सात हजार माणसं परतली, बाकीची मागून आली. पेरणीचा हंगाम जूनमध्ये सुरू व्हायचा, तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. त्यानं हे सांगितल्यावर गावप्रमुख म्हणाले, तुम्ही आमच्यावर माया केलीत, आम्ही रात्रंदिवस राबू.

हे सगळं आपल्याला कळतं ते एका गमतीदार कारणानं. 1793 मध्ये कंपनीच्या सनदेवर ब्रिटिश पार्लमेंटात चर्चा चालू असताना मिशनरी पाठवण्याला विरोध करताना माँटगोमेरी कॅम्पबेल या सदस्यानं किस्सा सांगितला: श्वार्ट्झ चोरीच्या पापावर तासन्‌तास प्रवचन देत होता, आणि त्याच्याच एका भाविकानं त्याचं सोन्याचं बक्कल लांबवलं. श्वार्ट्झनं 1794 मध्ये एसपीसीकेला लांबलचक उत्तर लिहिलं. बक्कल सोन्याचं नव्हतं, आणि उचलणारी पोरं ख्रिस्ती नव्हती. मग बैलांची, धान्याची, परतलेल्या रयतेची हकिगत सांगितली. पत्र संस्थेनं छापलं.

त्याच पत्रात तो शाळांबद्दल लिहितो. तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथल्या शाळांत मोठ्या संख्येनं ब्राह्मण मुलं येत. त्यांना ख्रिस्ती करण्यासाठी कसलीही फसवी युक्ती वापरलेली नाही, असं तो ठासून सांगतो. पालकांनी मुलं पाठवली ती या खात्रीवरच असणार. आजही एखाद्या संस्थेबद्दल लोक पहिला प्रश्न तोच विचारतात ना, वरून सेवा आणि आतून काय?

राजपुत्र

जानेवारी 1787 मध्ये तुळजाराजांनी भोसले घराण्यातल्या दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतलं. मृत्यू जवळ आलेला. त्यांनी श्वार्ट्झला बोलावून मुलगा त्याच्या हाती दिला: हा आता माझा नव्हे, तुमचा. भोवती ब्राह्मण मंत्री, सरदार, नातलग असताना एका हिंदू राजाला पोरासाठी हा परका पाद्री सुरक्षित वाटावा, याहून मोठी पावती कोणती? श्वार्ट्झनं मात्र ती जबाबदारी एकट्यानं घेतली नाही. राजांचे भाऊ अमरसिंग यांच्याकडे कारभार द्यावा असं त्यानं सुचवलं.

सल्ला चुकला. दत्तकविधान अशास्त्र असल्याचा निर्वाळा पंडितांकडून मिळाला, कंपनीनं तो मानला आणि अमरसिंग गादीवर बसले. मुलाची आबाळ होऊ लागली. श्वार्ट्झ पुन्हा मध्ये पडला, मद्रासला लिहीत राहिला. 1793 मध्ये सरफोजी आणि राजस्त्रिया मद्रासला सुरक्षित हलवल्या गेल्या, शिक्षणाची सोय झाली. दत्तकाचा प्रश्न बनारसच्या पंडितांपर्यंत गेला आणि निर्णय फिरला. सरफोजीराजे जून 1798 मध्ये गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याआधी चार महिने, 13 फेब्रुवारीला वारला होता.

पुढच्याच वर्षी, 1799 च्या तहानं, कंपनीनं सरफोजींकडून राज्याचा कारभार काढून घेतला. त्यांच्याकडे किल्ला आणि तनखा उरला. ज्या कंपनीकडे श्वार्ट्झ न्याय मागत होता तिनं न्याय दिला आणि राज्य घेतलं. बिशप हेबर 1826 मध्ये तंजावरला गेले, तेव्हा त्यांनीही कबूल केलं की या माणसात राजकारण जरा जास्तच होतं असा संशय आपल्याला आधी होता, तो तिथे गेल्यावर फिटला. माझा पुरता फिटलेला नाही. त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण कंपनीच्या फौजेचा पगार घेणारा धर्मोपदेशक आपली नैतिक पत एका व्यापारी सत्तेच्या कामी येऊ देतो, तेव्हा पाहणाऱ्यानं कोणाला काय समजावं?

दुसरी बाकी घरातलीच आहे. श्वार्ट्झच्या चर्चमध्ये वरच्या मानल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीचे आणि अस्पृश्य मानले गेलेले परैयर वेगवेगळे बसत. त्यानं ते चालवून घेतलं; हळूहळू जाईल अशी आशा असावी. गेलं नाही. 1833 मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावरची मंडळी फुटली, आणि हुकमाला विरोध करणाऱ्यांत श्वार्ट्झच्याच हाताखाली वाढलेले कवी वेदनायकम शास्त्री होते. राजाला आणि सरदाराला श्वार्ट्झच्या वागण्यातून एक धर्म दिसला. चर्चच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्याला दिसलेला धर्म त्याहून वेगळा असणार, आणि त्याचं मत कोणी लिहून घेतलं नाही.

शिळा

सरफोजीराजांनी 1801 मध्ये एसपीसीकेला पत्र लिहून श्वार्ट्झसाठी संगमरवरी स्मारक करून मागितलं, आणि त्याच्यासारखेच मिशनरी या देशात पाठवता आले तर किती बरं, असंही लिहिलं. जॉन फ्लॅक्समन या शिल्पकारानं घडवलेलं ते स्मारक तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. अंथरुणावर पाद्री, आणि त्याचा हात हातात घेतलेले राजे. थडग्यासाठी राजांनी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. खंबीर, नम्र, शहाणा, निष्कपट, अनाथांचा पिता, विधवांचा आधार अशी विशेषणं त्यात आहेत. शेवट असा: राजांना, प्रजेला आणि मला वरदान ठरलेल्या पित्या, मी तुझ्या योग्य व्हावं, हीच तुझ्या सरफोजीची प्रार्थना.

राजांनी आपल्या ख्रिस्ती नोकरांना रविवारी सुटी दिली, गरीब ख्रिश्चनांच्या अन्नाची सोय लावली. 1805 मध्ये तंजावरात देवनागरी छापखाना काढला. स्वतः मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. 1803 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, आणि 1820 साली मोठा लवाजमा घेऊन ते काशीयात्रेला निघाले.